सोनूची उजवी वेणी

सोमवार, १९ जानेवारी

सोनूच्या केसांत गोंद! खळीसारखा धुऊन जाणारा नव्हे. चपला चिकटवायचा, क्षणात दगड होणारा तो.

दुपारी एकला शाळेच्या व्हॅनमधून उतरली ती मान वाकडी करून. मला वाटलं, मान अवघडली. दप्तर काढायला गेले तर उजवी वेणी हाताला काठीसारखी लागली. कानामागून, अगदी मुळापासून वीतभर. तिन्ही पेड एकमेकांत असे बसलेत की कुठला कोणता, कळेना. खाली मात्र मोकळी. रिबिनीचं फूल मी सकाळी बांधलं तसंच्या तसं.

"कोणी केलं?" — गप्प.

"मागं कोण बसतं तुझ्या? ती पूर्वा ना?" — मान हलवली.

व्हॅनवाले महिपती खाली उभेच होते. तेही म्हणाले, "आजी, त्या पूर्वाची दोन बोटं चिकटली होती गोंदानं. बाईंनी गरम पाण्यात धरायला लावली." आणखी काय पुरावा हवा? मागच्या वर्षी वाशिमकडून आलेली मुलगी. बाप इथंच विश्रांतवाडीत एका सोसायटीत वॉचमन. माझ्या नातीनं तिचं काय वाकडं केलं होतं?

कोमट पाण्यात साबण कालवून अर्धा तास वेणी भिजवली. मग खोबरेल. काही नाही. जरा ओढलं की सोनू कळवळते. कात्रीचं नाव कुणी काढायचं नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं. या केसांना जन्मापासून कात्री नाही. जावळसुद्धा काढू दिलं नव्हतं मी.

निकिता हिंजवडीहून आली ती दारातच म्हणाली, "आई, कापून टाका ना. केसच तर आहेत." सून चांगली आहे माझी. पण असं बोलते!

केसच तर आहेत म्हणे.

मंगळवार, २० जानेवारी

ही वही हिशेबाची आहे. पुढून हिशेब, मागून हे. नवी वही कशाला वाया घालवायची!

सोनूच्या बाबानं, आमच्या अभिनवनं, खराडीला कामावर जाताना बसमधून फोनवर शोधून लांबलचक मेसेज पाठवला. तेल लावा, केस ओढू नका, डोळे सांभाळा. ह्यांचं एकच — टर्पेंटाइन. मी तळमजल्यावर नंदाच्या पार्लरमध्ये गेले. नंदा म्हणाली, "काकांना सांगा, दाराला रंग नाही द्यायचा. आणि काकू, रॉकेल लावलंत तर मी तुमच्याशी बोलणं सोडीन."

मग वेणी उजेडात धरून पाहिली तिनं. "टोकाला लागला असता तर चार बोटं छाटून मोकळं झालो असतो. हा बरोब्बर मुळाशी आहे. जिनं लावला तिनं नीट जागा बघून लावलाय."

बघा! म्हणजे मुद्दामच.

तिनं सांगितलं ते लिहून ठेवते, विसरायला नको. नखांचा रंग काढायचं पाणी आणायचं, पण अ‍ॅसिटोन असलेलं. आधी एका बटेवर लावून बघायचं. टाळूला, कानाला, मानेला तेलाचा जाड हात द्यायचा. डोळ्यांवर रुमाल. केसांखाली जुनं फडकं. गॅस बंद, खिडकी उघडी. बोळ्यानं थोडं थोडं लावायचं, टाळूपासून दोन बोटं दूर. गोंद पांढरा पडून मऊ झाला की दातेरी फणीच्या एकाच दात्यानं, खालून वर. मग साबणानं धुवायचं, पुन्हा तेल. दिवसातून एकदाच. त्या पाण्याला भडका घेतो म्हणे. म्हणून मी बुद्धमूर्तीपुढची मेणबत्तीसुद्धा विझवली. असं कधी केलं नव्हतं.

त्याआधी सकाळी शाळेत जाऊन आले. बाई म्हणाल्या, "आजी, आम्ही चौकशी करतो." मी म्हटलं, "चौकशी कसली? बोटंच सांगतात की." शेवटी त्यांनी पूर्वाला उठवून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. दप्तर उचलून जाताना त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. सोनूकडे पाहिलं.

बुधवार, २१ जानेवारी

चार केस सुटले. पाऊण तासात चार.

गुरुवार, २२ जानेवारी

आज बारीकशी बट सुटली, करंगळीएवढी. मला एवढा आनंद झाला की तोंडातून गेलं — "बघ प्रिया, सुटली!"

सोनू म्हणाली, "हो आजी."

तिला सवय आहे. हाक कुठलीही मारली तरी ओ देते. हे कॉटवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला. पुन्हा वर धरला.

इथं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. सोनू तीन वर्षांची झाली आणि केस खांद्यावर आले, तेव्हापासून मला दिसतंय. तोच भोवरा. तसाच मधून भांग पाडला की उजवीकडे सरकणारा. माझ्या प्रियदर्शनीचे केस असेच होते. जाड, जरा तांबूस, ओले झाले की मातीसारखा वास. लग्नाकार्यात बायका म्हणतात, "सत्यशीला, हुबेहूब तुझी प्रिया गं!" मी वरवर म्हणते, छे, काहीतरीच. आणि घरी येऊन दोन वेण्या घालते. लाल रिबीन, वर उलटून बांधलेली. हल्ली अशा वेण्या कोण घालतं? सोनूच्या वर्गात कुणीच नाही.

विहारात भन्तेजी सांगतात, आत्मा असं काही नाही. गेलेलं माणूस तसंच्या तसं परत येत नाही. मला पटतं. तीस वर्षं ऐकतेय. भुताखेतांचं, अंगात येण्याचं मी दारात उभं करत नाही. पण फणी हातात घेतली की पाठमोरी जी बसलेली असते, ती माझीच असते. मी काय करू?

धुताना सहज म्हटलं, "तीन तारखेला अकरा पूर्ण की आमच्या राणीला! काय करायचं, खीर का केक?" बादलीतल्या पाण्यात बघत बसली. "काही नको," म्हणाली. गोंदाचंच घेऊन बसलीय मनात, दुसरं काय!

शुक्रवार, २३ जानेवारी

पूर्वाची आई आली होती. चार घरी पोळ्या करते, तिथूनच आली. हाताला कणीक तशीच. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"काकू, माही पोरगी असं नाही करत जी. विचारलं मी तिले. मारलं बी. नुसती रडते, बोलत नाही काही."

मी म्हटलं, "बोलेल कशी? बोटं चिकटली होती ना?"

"बोटं चिकटली, हो. पण तुमच्या पोरीले विचारा ना एकडाव. दोघी मैत्रिणी आहेत जी. डबा एका जागी खातात."

"आमची पोर खोटं नाही बोलत," मी म्हटलं. ताठपणे म्हटलं.

तिनं पिशवीतून बाटली काढली. तिळाचं तेल, गावाकडच्या घाण्यावरचं. "लावून पाहा," म्हणाली. मी हात पुढे केला नाही. बाटली पायरीवर ठेवून गेली.

ती गेल्यावर हे म्हणाले, "पाणी तरी विचारायचं होतंस."

नाही विचारलं. आमच्या सासूबाई, सुंदराबाई, सांगायच्या — त्यांच्या लहानपणी गावात विहिरीपासून दहा हात लांब थांबावं लागे. कुणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी. त्या घरातली सून मी! दारात आलेल्या बाईला तांब्या पुढे केला नाही.

पण ती तरी का आली भांडायला?

भांडली नाही तशी. मीच भांडले.

शनिवार, २४ जानेवारी

आज लिहिते. टाळायचं कुठवर?

दुपारी सोनूला बाल्कनीत उन्हात बसवलं. पुष्कळ सुटेल असं वाटत होतं. तिळाचं तेलही लावून बघितलं, पायरीवर पडून वाया जायचं म्हणून. गोंद जरा पांढरा पडला होता. दात्यानं एकेक केस मोकळा करत होते. तासभर झाला. आणि मागे न बघता सोनू म्हणाली —

"आजी, राहू दे. दुखतंय."

माझ्या हातातली फणी तिथंच थांबली. बाल्कनीत ऊन होतं आणि मला दवाखान्यातला वास आला. फिनेलचा आणि गुळमट सलाइनचा. तिची मान वळवून बघायचा धीर होईना. वाटलं, वळली तर तोंड कुणाचं असेल!

पंचवीस वर्षं झाली. प्रिया सोळा दिवस दवाखान्यात होती. ताप मेंदूत गेला होता. उशीवर डोकं घासून घासून केसांचा नुसता गोळा झाला होता, नारळाच्या शेंडीसारखा. नर्स म्हणाली, "ताई, कापून टाकू या का? पोरीला बरं वाटेल." मी नाही म्हटलं. घरून तेल आणि फणी मागवली. शनिवारच होता. दुपारी दोनला बसले ती पाचपर्यंत. मधे दोन-तीनदा म्हणाली — "आई, राहू दे. दुखतंय." मी म्हणत होते, "झालंच गं, एवढा एक गुंता." तो झाला की पुढचा. मला वाटत होतं, केस नीट झाले की पोर नीट होईल. दहावी पास बाई मी! पण वाटत होतं.

पाच वाजता दोन वेण्या घालून झाल्या. लाल रिबिनी. रविवारी सकाळी ती गेली. अकरा वर्षं, एक महिना, नऊ दिवस.

शेवटचं बघायला आलेल्या बायका म्हणत होत्या, किती सुंदर वेण्या घातल्यात पोरीच्या! हे कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. शेवटच्या दुपारचे तीन तास तिला मांडीवर घ्यायचं सोडून मी तिचे केस ओढत बसले होते.

आणि आज? सोनू म्हणाली राहू दे. मी पळभर थांबले आणि म्हटलं, "झालंच गं, एवढा एक."

तेच शब्द. माझ्याच तोंडचे. मी ऐकले ते. तरी फणी चालवली.

ह्यांनी आतून येऊन माझ्या हातातली फणी काढून घेतली. कधी आवाज न चढवणारा माणूस. म्हणाले, "ती गेली. ही सोनू आहे. एका पोरीला दोन नावांनी किती दिवस हाका मारणार आहेस?"

सोनू उठून पाणी प्यायला गेली. 

रविवार, २५ जानेवारी

सकाळी घरी वंदना. मेणबत्ती, उदबत्ती, पांढरी फुलं. सगळे हात जोडून बसलो. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. सोनूला सगळं पाठ आहे, माझ्यापेक्षा खणखणीत म्हणते. चौथं शील आलं — मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. आणि तिचा आवाज बसला. ओठ हलत होते, आवाज नाही.

मी डोळे उघडले. तिचे जोडलेले हात समोरच होते. डाव्या अंगठ्याच्या नखावर पांढरट, टणक पापुद्रा. नखाच्या कडेला त्यात एक केस अडकलेला. लांब. तांबूस.

वंदना पूर्ण होऊ दिली. मग स्वयंपाकघरात नेऊन अंगठा हातात धरला. मला काही विचारावंच लागलं नाही.

"मीच केलं आजी."

खणातली माझी चपलांची ट्यूब घेतली. शाळेच्या बाथरूममध्ये, मधल्या सुट्टीत. पूर्वानं बघितलं आणि सोडवायला धावली, म्हणून तिची बोटं चिकटली. मग सोनूनं तिला शपथ घातली, सांगायचं नाही. त्या पोरीनं आईचा मार खाल्ला, शेवटच्या बाकावर बसली आणि सांगितलं नाही.

"तू पूर्वाचं नाव का घेतलंस?"

"मी नाही घेतलं. तू घेतलंस."

खरं आहे. मीच घेतलं होतं. तिनं नुसती मान हलवली. आणि पुढं काही न विचारता मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. खोटं बोलायला मीच शिकवलं आणि शीलही मीच शिकवते!

"पण का केलंस गं?"

खाली बघून म्हणाली, "गरम होतं."

जानेवारीत! सकाळी दोन गोधड्या लागतात!

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. सोनूची दोन वेण्यांची जोडी काही झाली नाही. सगळे केस मागे घेऊन वर ओढणी बांधली. हे तिला घेऊन गेले. मी बाईंना आदल्या दिवशीच फोनवर सगळं सांगितलं होतं.  बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत." पूर्वा उद्यापासून पुन्हा जुन्या जागी बसणार, सोनूच्या मागं.

मी तिकडे न जाता पूर्वाच्या घरी गेले. सोसायटीच्या पार्किंगमागे पत्र्याची खोली. बाप ड्युटीवर. तिची आई मला बघून घाबरलीच, पुन्हा काय केलं पोरीनं म्हणून.

मी म्हटलं, "माझी चूक झाली. तुमच्या मुलीनं काही केलं नाही. आमच्या सोनूनं स्वतःच केलं. तुमची पोर सोडवायला गेली होती."

ती मग खाली बसली. "मी तिले उलथन्यानं मारलं जी," म्हणाली. एवढंच. नंतर पदरानं तोंड पुसून उठली आणि पहिल्यांदा काय केलं? माठातलं पाणी दिलं मला. "पाणी घ्या. उन्हातून आल्या."

मी प्यायले. मला त्या घोटांची लाज वाटली. माफी मागून माणूस हलकं होतं म्हणतात. मी नाही झाले.

निघताना विचारते, "पण काकू, पोरीनं असं काऊन केलं? आपल्याच केसाले?"

मी काय सांगणार! गरम होतं म्हणाले.

बुधवार, २८ जानेवारी

टाळू लाल झाली आहे कानामागं. नंदानं बघितलं आणि नखांचं पाणी बंद करायला लावलं. "काकू, केस पुन्हा येतात. ही कातडी गेली तर काय करणार? दहा दिवस झाले तुम्ही पोरीला त्या खुर्चीत बांधून घातलंय."

अर्धं सुटलंय. अर्धं तसंच आहे. त्या अर्ध्यात आता तुटलेल्या केसांचं गवत झालंय.

गुरुवार, २९ जानेवारी

सोनूला पुन्हा विचारलं. लाडानं विचारलं, ओरडून विचारलं. "कुणी चिडवतं का तुला, वेण्यांवरून?" चिडवतात, म्हणाली. म्हणजे तेच असेल. मग मला का नाही सांगितलं? "तू नाही कापले असतेस," म्हणाली.

नाही कापले असते. हेही खरं.

शुक्रवार, ३० जानेवारी

निकितानं आज सुट्टी घेतली. दुपारी मी गहू निवडत होते, शेजारी येऊन बसली. तीही निवडू लागली.  मग एकदम —

"आई, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"सोनूची वेणी मी एकदाही घातलेली नाही. दहा वर्षांत. एकदाही."

मी म्हटलं, "तुला सकाळची बस असते, म्हणून मी—"

"रविवारी नसते."

तिचा आवाज चढला नव्हता. खडे बाजूला काढत होती एकेक. "सोनूचे कान माझ्या आईसारखे आहेत. पाळीला खळी आहे, इथं. माझ्या माहेरी सगळ्यांना आहे. तुम्ही पाहिलीय कधी? वेण्यांच्या फुलांत दिसतच नाही ती. मी प्रियाताईंना पाहिलं नाही. त्यांच्याबद्दल मला काही नाही, आई. पण मला वाटतं, मी नोकरी करते आणि तुम्ही तुमच्या मुलीला वाढवता. माझी कुठंय?"

 सूप उचलून आत गेले. पीठ नव्हतं संपलं, तरी डबा उघडून बघितला.

दहा वर्षं या घरात पाच माणसं आहेत असं मी समजत होते. निकिता सहा मोजत होती.

रविवार, १ फेब्रुवारी. पौर्णिमा

पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आले. सगळ्यांसोबत बसले, पण कानात काही शिरलं नाही. घरी आले. सोनूला विचारलं, "कापू या का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ही पोर दोन आठवडे श्वास रोखून होती.

नंदाला वर बोलावलं. तिनं कात्री काढली. मी म्हटलं, "पहिली मी." नंदा म्हणाली, "मग हात थरथरवू नका. कान आहे तिथं." उजवी वेणी धरली. गोंदाच्या वरून, मुळाशी जिथं केस सुटून मऊ झाले होते तिथून कात्री घातली. एका झटक्यात होत नाही ते. चार-पाच वेळा दाबावी लागते. वाळलेला ऊस कापल्यासारखा आवाज येतो. मग वेणी माझ्या हातात आली आणि सोनूचं डोकं हलकं होऊन एका बाजूला कललं.

बाकीचं नंदानं केलं. मानेपर्यंत आखूड, कानामागं आणखी बारीक. डावीकडची वेणीही गेली. निकिता दारात उभी होती, तोंडावर हात धरून.

सोनूनं आरशात पाहिलं. हसली. किती दिवसांनी! आणि मला कान दिसले. पाळीला खळी आहे. दोन्ही कानांना. मानेवर डावीकडे तीळ आहे. तीळ! प्रियाला नव्हता. दहा वर्षं रोज सकाळी ही मान माझ्यासमोर होती आणि तीळ मी आज पाहिला.

मग एक गंमत घडली. गंमत कसली. मी वेण्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवायला निघाले. सोनू आडवी आली.

"आजी, घरात नको."

"अगं, असू दे. तुझ्या जन्माचे केस आहेत."

"नको. बाहेर टाक. लांब टाक." आणि रडायलाच लागली.  निकितानं जवळ घेतलं, तर तिच्या कुशीतूनही माझ्या हातातल्या पुडक्याकडे बघत होती. साप असल्यासारखं.

मला जरा लागलं मनाला. एवढा तिटकारा? दहा वर्षं तेल लावलं मी त्यांना. ह्यांनी पुडकं घेतलं, पिशवीत घातलं आणि चप्पल घालून बाहेर पडले. कुठं टाकलं, मी विचारलं नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सोनू अकरा वर्षांची झाली. सकाळी तिच्या आईनं तिचे केस विंचरले. अर्धं मिनिट लागलं. मी खीर केली. वाटी दिली तर खाईना, नुसती धरून बसली.

"आजी, आता मी प्रियाआत्यासारखी दिसते?"

मी नीट पाहिलं. खरंच पाहिलं. "नाही गं. अजिबात नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग अकराव्या वर्षी मी मरणार नाही," म्हणाली, आणि खीर खायला लागली.